दट्ट्याचा पल्ला

उंच माणूस लांब टांगा टाकतो, ठेंगणा भराभर पावले उचलतो. तरी दोघेही एकाच वेळी मुक्कामास पोहोचू शकतात. मोटारीच्या एंजिनाचेही काहीसे असेच आहे. सिलिंडरमधील दट्ट्या वरून खालपर्यंत जितका सरकतो, तितका त्याचा पल्ला. वेगवान मोटारी सिद्ध करणारे कारागीर हा पल्ला कधी वाढवतात, तर कधी मुद्दाम आखूड ठेवतात.

पल्ला लांब म्हणजे क्रँकची तरफ लांब, म्हणून शक्ती अधिक, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा होय. एंजिनाचे घनफळ तेच ठेवून पल्ला वाढवला, तर सिलिंडरचा व्यास कमी करावा लागतो. दट्ट्याचा माथा लहान होतो, त्यावरील तप्त वायूंचा रेटा घटतो आणि तरफेने कमावलेले तेथेच खर्ची पडते. व्यास कायम ठेवून पल्ला वाढवला, तर मात्र घनफळ वाढते. एंजिन अधिक हवा व इंधन घेते आणि त्याचा पीळ वाढतो.

अमेरिकेतील शेव्हरोलेच्या आठ सिलिंडरांच्या एंजिनात हे दोन्ही मार्ग पाहावयास मिळतात. ट्रान्स-ॲम शर्यतींत तेव्हा पाच लिटरांची मर्यादा होती. तीत बसावे म्हणून १९६७ च्या कॅमारो झेड-२८ मोटारीत १०१.६ मिलिमीटर व्यासास अवघा ७६.२ मिलिमीटरांचा पल्ला दिला गेला. रुंद सिलिंडरवर मोठ्या झडपांना जागा मिळते, आणि आखूड पल्ल्यामुळे एंजिन अधिक फेरे सोसते. १९६८ व १९६९ मध्ये कॅमारोच्या बळावर शेव्हरोलेने ती स्पर्धा जिंकली.

पुढे कारागिरांनी उलट वाटही चोखाळली. ५.७ लिटरांच्या एंजिनाचे सिलिंडर किंचित रुंद करून त्यात ९५.२५ मिलिमीटर पल्ल्याचा क्रँक बसवला की घनफळ ६.३ लिटर होते. कमी फेऱ्यांतच भरपूर पीळ मिळतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. मिनिटाला ६,००० फेरे घेताना या दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर असतो. आखूड पल्ल्याचा दट्ट्या तो वेग ७,५०० फेऱ्यांना गाठतो. लांब पल्ल्याच्या एंजिनाकडून तितकेच फेरे मागितले, तर दट्ट्या आणि त्याचा दांडा तुटण्याचा धोका वाढतो.

शक्ती म्हणजे पीळ आणि फेरे यांचा गुणाकार. म्हणून जाणता कारागीर क्रँक निवडण्यापूर्वी मोटार कोठे धावणार, हे विचारून घेतो.