सेवा : वृत्ती आणि व्यवसाय
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



समाजकार्य हा शब्द आपणांस नवा नाही. विद्यार्थ्यांना फीसाठी साहाय्य, निराधार भगिनीस शिवणयंत्र, आजाऱ्यास औषधपाणी ही कामे आपले मंडळ वर्षानुवर्षे करीत आले आहे. परंतु समाजकार्य हा रीतसर शिकण्याचा विषय असून वकिली-वैद्यकीसारखा तो व्यवसायही आहे, असे म्हणताच पुष्कळांना नवल वाटते. ‘सेवा कुठे शिकावी लागते काय?’ असे ते विचारतात. उत्तरादाखल आमचीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती-वाटपाचे काम आम्हांकडे होते. संमेलनात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव व साहाय्याची रक्कम आम्ही ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखविली. टाळ्या पडल्या. पुढील वर्षी त्यांतील एका हुशार मुलीचा अर्जच आला नाही. घरी गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, “पैसे घेतल्याचे काही वाटले नाही, चारचौघांत वाचून दाखविलेत, ते तिला लागले.” मुलगी कॉलेज सांभाळून दुकानात नोकरी करीत होती. आमचा हेतू शुद्ध होता. रीत चुकली होती.

हेतूला योग्य रीत लाभावी, हेच समाजकार्याच्या शिक्षणाचे प्रयोजन होय. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापिली, तेव्हा कार्यकर्ते अनुभवानेच शिकत. पुढे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावे समाजकार्याचे विद्यालय निघाले. नागपाड्याच्या वस्तीत प्रत्यक्ष काम केलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुण्यात १९६३ साली कर्वे समाज सेवा संस्था स्थापन झाली.

अशा संस्थांतून वर्गातील अध्ययनाबरोबरच वस्ती, रुग्णालय, शाळा यांत प्रत्यक्ष कार्य करावे लागते. एकेका व्यक्तीस साहाय्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या त्याच्या प्रमुख पद्धती. क्षयाचा रोगी औषध मध्येच सोडतो, तेव्हा डॉक्टर पुन्हा औषध लिहून देतात. समाजकार्यकर्ता त्याच्या घरी जाऊन कारण शोधतो. कदाचित दवाखान्यात येण्याने दिवसाची मजुरी बुडत असेल, कदाचित घरात आजार लपविला जात असेल. कारण कळले की उपायही त्या माणसाला बरोबर घेऊनच ठरवावयाचा, त्याच्यावर लादावयाचा नाही. आणि त्याने विश्वासाने सांगितलेले चारचौघांत बोलावयाचे नाही. आम्ही चुकलो ते नेमके येथेच.

राहिला वेतनाचा प्रश्न. परिचारिका व शिक्षक वेतन घेतात, म्हणून त्यांच्या सेवेस कोणी उणे मानीत नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. रुग्णालये, बालगृहे, कारागृहे, ग्रामविकासाच्या योजना येथेही प्रशिक्षित माणसे लागतात. फावल्या वेळेची सेवा वंदनीयच. परंतु दुःखाला फावला वेळ ठाऊक नसतो.

म्हणून मंडळास आमच्या दोन विनंत्या आहेत. यंदापासून साहाय्य घेणाऱ्यांची नावे व्यासपीठावरून वाचू नयेत व स्मरणिकेत छापू नयेत. एकूण रक्कम व विद्यार्थ्यांची संख्या जरूर द्यावी. नावांची वही हिशेबतपासनिसांनी पाहिली म्हणजे पुरे. दुसरी विनंती पालकांस. आपला मुलगा वा मुलगी या व्यवसायाकडे वळू म्हणेल, तर ‘पोटाचे काय?’ एवढे म्हणून वाट अडवू नये. प्रशिक्षित कार्यकर्ता दारी आलेल्याची जात विचारीत नाही. आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले मूल उद्या साऱ्या समाजाच्या उपयोगी पडले, तर मंडळाचा पैसा सत्कारणी लागला असे आम्ही समजू.