जिन्याच्या माथ्यावरची वाट



गिरगांवांतील जुन्या चाळीच्या जिन्याशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस तेथील अंधाराचें वर्णन करून सांगावयास नको. बाहेर टळटळीत दुपार असली तरी पहिल्या वळणावर पायरी पायानेंच ओळखावी लागते. हाताला आधार वरून सोडलेल्या दोराचा. एकाद्या शहाण्या मालकानें जिन्याच्या माथ्यावर चार कांचेचीं कौलें बसविलेलीं असलीं, तर वरच्या मजल्यावर तेवढा उजेड उतरतो. हीं कौलें केवळ उजेडासाठीं, असें आपण धरून चालतों. वस्तुतः जिन्यावरच्या उघाडीचें अर्धेंच काम उजेडाचें आहे. उरलेलें अर्धें धुराला वाट देण्याचें.

देशावरील धाब्याच्या घरांना साणें असे. त्यांतून उजेड खालीं येई आणि चुलीचा धूर वर जाई. ही युक्ति कोणा इंजिनियरानें शिकविलेली नव्हती. मुंबईंत मात्र हा विचार रोगराईच्या पायीं सुरू झाला. १८९६ सालीं प्लेग आला, १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि घरांत ऊन-वारा किती यावा याचें गणित मांडलें जाऊं लागलें. ट्रस्टचे अधिकारी ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून इमारत उंच नसावी, हा त्याचा सोपा अर्थ. पण हें गणित खोलीच्या खिडकीचें, जिन्याचें नव्हे. न्यूयॉर्कच्या १९०१ च्या कायद्यानें भाडेकऱ्यांच्या नव्या इमारतींत जिन्याच्या थेट वर, छपरांत, हवा खेळती ठेवणारी कांचेची खिडकी आवश्यक ठरविली होती.

आपल्याकडे उंच इमारतींच्या बंदिस्त जिन्यासाठीं २००५ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनें नियम घातला तो असा: जिन्याच्या माथ्यावर त्याच्या क्षेत्रफळाच्या ५ टक्के इतकी कायमची उघाड असावी, प्रत्येक मजल्यावर उघडतां येणारीं तावदानें असावींत, आणि जिन्याचें छप्पर भोंवतालच्या गच्चीहून निदान १ मीटर उंच असावें. जिना १६ फूट लांब व ८ फूट रुंद धरला, तर ही उघाड सुमारें अडीच फूट औरसचौरस भरते. एवढ्याशा भोकाची मातबरी काय, असें कोणी म्हणेल!

धूर तापलेला असतो म्हणून वर चढतो. वर वाट असली तर निघून जातो. नसली तर छताखालीं सांचतो आणि एकेक मजला खालीं उतरूं लागतो. माणसें जिना उतरत असतात आणि धूरहि उतरत असतो. आगींत माणूस बहुधा भाजण्यापूर्वींच गुदमरतो. २२ ऑगस्ट २०१८ रोजीं परळला हिंदमाताजवळील क्रिस्टल टॉवरच्या बाराव्या मजल्यावर आग लागली आणि चौघे दगावले. धुरांत अडकलेल्या अनेकांस अग्निशामक दळानें शिड्यांवरून उतरविलें. इमारतीला जिना असून माणसाला बाहेरच्या शिडीची वाट पाहावी लागावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

माथ्यावरची उघाड सर्व कांहीं करील, असें मात्र समजूं नये. जळत्या घराचें दार उघडें टाकून पळणारा माणूस सारा जिना धुराच्या स्वाधीन करतो. म्हणूनच तीं दारें आपोआप मिटणारीं असावीं लागतात. आणि खालून हवा आंत आली नाहीं, तर वरून धूर तरी कसा निघावा?

खरा शत्रु आहे आपला पाऊस. दादरच्या कोणत्याहि सोसायटीच्या सभेंत पहा, मे महिन्यांत एकच ठराव: गळती बंद करा. मग त्या उघाडीवर प्लास्टिकचा कागद ताणला जातो, किंवा कांच सिमेंटनें पक्की केली जाते. उजेड पूर्वीसारखाच येतो, म्हणून कोणाला कांहीं बिघडल्यासारखें वाटत नाहीं. वास्तविक ओल टाळण्यास उघाड बुजविण्याची गरजच नाहीं. छप्पर उंच उचलून चारी बाजूंना तिरक्या पट्ट्यांच्या झडपा ठेवल्या, तर पाऊस बाहेर राहतो आणि धूर जातो. कांच जाळीची घ्यावी. तडकली तरी तारेला धरून राहते, उतरणाऱ्यांच्या डोक्यावर पडत नाहीं.

यंदा पावसाळ्यापूर्वीं गच्चीवर ताडपत्री घालणारा माणूस येईल, तेव्हां त्याच्याबरोबर कोणीतरी वर जावें. जिन्याच्या डोक्यावर ताडपत्री घालावयाचीच असेल, तर ती बांबूवर हातभर उंच धरून बाजू मोकळ्या ठेवण्यास त्याला सांगावें. त्याचें अर्ध्या दिवसाचें काम वाढेल, इतकेंच.