नाडीची चड्डी, मोटेचं रान आणि गुलबक्षी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक संमेलनात केलेले भाषण)



‘बालपणीचा गाव’ या विषयावर अर्धा तास बोलावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांला केली. आम्ही साहित्यिक नव्हे. तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून टिपणे लिहिण्यात गेली. आणि टिपणाचा पहिला नियम असा की, विषय मुद्द्यांत विभागावा. त्याप्रमाणे आम्ही तीन मुद्दे काढले आहेत : अंगावरचे कपडे, रानातले काम आणि अंगणातली फुले.

आमचा गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील माण तालुक्यात, शिखर शिंगणापूरच्या महादेवाच्या डोंगरापासून फार दूर नव्हे. सह्याद्री सगळा पाऊस अडवून घेतो आणि आमच्याकडे नुसते ढग धाडतो. त्यामुळे त्या मुलखात दोन पिके बारमाही येत : दगड आणि मेंढ्या. आमचा जन्म १९६७ चा. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात आम्ही पाच वर्षांचे होतो. त्या वर्षीच्या दोन गोष्टी आम्हांला स्वच्छ आठवतात. रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या तांबड्या मायलोची भाकरी, आणि खडी फोडून संध्याकाळी परतलेल्या आईचे पांढरे झालेले हात. दुष्काळी कामांच्या त्या अनुभवातूनच पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, हे आम्ही नोकरीच्या परीक्षेसाठी वाचले. पण त्याची पहिली ओळख आम्हांला आईच्या हातांनी झाली होती.

आता पहिला मुद्दा. आजच्या मुलांना कपडा आवडला नाही, तर तो दुकानात परत जातो. आमच्या वेळी कपड्याची आवड ही बाब विचारार्थ घेतलीच जात नसे. आमचे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, मुंबईला परळच्या एका कापड गिरणीत साचेवाले होते. दिवाळीला ते गावी येत, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत गिरणीच्या दुकानातून कामगारांना सवलतीने मिळणारे कापड असे. त्यात निवडीला वाव नव्हता. एक वर्ष निळ्या पट्ट्यांचे, तर एक वर्ष मेंदीच्या रंगाचे. आणि तेही एकाच ताग्यातले. आम्ही चौघे भाऊ व दोन चुलतभाऊ असे सहाजण त्या एकाच कापडात शिवले जात असू. देवळापुढून निघालो की म्हातारी माणसे विचारीत, “बँड कुणाच्या लग्नाला निघाला रं?”

मापाचे दुःख वेगळेच. शिंपीबुवा फीत काढीत, पण ती मानापुरती, कारण आमची आई त्याआधीच सांगून चुकलेली असे, “वाढत्या अंगाचं शिवा. पोरगं हाय तेवढंच ऱ्हातंय व्हय?” त्यामुळे पहिल्या वर्षी चड्डी गुडघ्याखाली, दुसऱ्या वर्षी बेताची आणि तिसऱ्या वर्षी धाकट्याच्या अंगावर, असा तिचा प्रवास ठरलेला असे. ती नाडीची असे. नाडी आत गेली की, पिन लावून ती बाहेर काढीपर्यंत शाळेची घंटा होऊन जाई. मागे ठिगळ लागे, ते नेमके वेगळ्या रंगाचे. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या मामेभावाच्या अंगात चुरगळत नसलेला टेरीलीनचा सदरा असे. त्याच्यापुढे उभे राहताना आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहत असू. आणि त्याला वाटे, पोरगा फार शिस्तीचा.

पावसाळ्यात घोंगडीची खोळ. काळ्या मेंढीची ती लोकर मानेला अशी टोचे की, त्यापेक्षा पाऊस बरा वाटे. भिजली की तिचे वजन आमच्याइतकेच होई. तरी एक गुण मान्य केला पाहिजे. धनगराची ती घोंगडी पाऊस आत येऊ देत नसे, आणि आजोबांनी अंथरलेली घोंगडी आमच्या मुंजीच्या वयापर्यंत टिकली.

तात्यांच्या कापडाची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतील गावोगावची घरे त्या पगारावर उभी होती. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरण्याही विरल्या. तात्या त्या उन्हाळ्यात ट्रंक घेऊन आले, ते पुन्हा गेले नाहीत. त्या वर्षी आम्ही दहावीत होतो. दिवाळी आली आणि ट्रंक उघडली गेली नाही. पहाटे अभ्यंगस्नान करून आम्ही सहाहीजण जुनेच पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घालून ओवाळणीला बसलो. तात्यांनी धाकट्याच्या बाहीचे कापड दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिले आणि इतकेच म्हणाले, “वीण अजून घट्ट हाय.” ते कापड आम्हांला तेव्हाही आवडत नव्हते, आणि मेंदीचा रंग आम्हांला आजही आवडत नाही. परंतु कापडाला विणणारा माणूस असतो, हे त्या पहाटेपासून आम्ही विसरलो नाही.

दुसरा मुद्दा रानाचा. गिरणीत साचा चालवलेले तात्यांचे हात पुन्हा कुळवावर आले. आमच्या विहिरीवरची चामड्याची मोट आम्ही लहानपणी चालताना पाहिली आहे. बैल धावेवरून खाली उतरू लागले की नाडा ताणला जाई, मोट वर येई, सोंदूर तिची सोंड ओढून धरी आणि पाणी थारोळ्यात धो धो कोसळे. मग बैलांनी उलटे चालत मागे यायचे. असे दिवसभर. आमचे काम दारे धरण्याचे. एक वाफा भरला की खोऱ्याने त्याचे दार लावायचे आणि पुढच्याचे मोडायचे. काम सोपे दिसते, परंतु क्षणभर लक्ष उडाले तर पाणी शेजारच्या रानात जाई आणि शेजाऱ्याचे शब्द आपल्या रानात येत. पुढे ऑइल इंजिन आले, त्यानंतर विजेची मोटार आली आणि धाव गवताने बुजली.

सुगीच्या दिवसांत खळे होई. जमीन चोपून, शेणाने सारवून आरशासारखी करायची. तिच्यावर पायताण घालून जायची सोय नव्हती. मध्ये तिवडा रोवायचा आणि त्याच्याभोवती बैलांची पात फिरवायची. वारा सुटला की उंच तिपाईवर उभे राहून एकजण सूप ओती. भूस वाऱ्यावर जाई आणि मालदांडी ज्वारीची मोत्यासारखी रास पायाशी साचे. राशीतले पहिले माप घरी येत नसे. सुतार, लोहार, न्हावी, परीट असे बलुतेदार खळ्यावरच आपले घेऊन जात. वाटा कमीजास्त झाला की बोलाचाली होत आणि दुबळ्याच्या पदरात कमीच पडे, हेही आम्ही पाहिले आहे. जुन्या शेतीचे गोडवे गाताना ही बाजू झाकणे योग्य होणार नाही.

परंतु आज मुद्दाम सांगायची गोष्ट वेगळी आहे. आमच्या प्रत्येक रानाला नाव होते. मोटेचं रान, चिंचेची पट्टी, म्हातारीचा माळ, सतीचा तुकडा, ओढ्याकडचं. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली पुढे गावोगाव जमिनी एकत्र झाल्या आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कारभाराला ते सोयीचेच आहे. सरकारी नोकराने त्याविरुद्ध बोलू नये. परंतु सातबाऱ्यावर गट नंबर असतो, म्हातारीचा माळ नसतो. कोण म्हातारी, हे तात्यांना ठाऊक होते. तात्या २०१४ मध्ये गेले. गेल्या वर्षी आम्हां भावांच्या वाटणीचे कागद झाले, तेव्हा आमच्या पुतण्याने विचारले, “काका, मोटेचं रान म्हणता, पण मोटार तर दुसऱ्या रानात आहे!” त्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याने मोट पाहिलेली नाही, आणि शब्दाला धरायला त्याच्याजवळ वस्तू नाही.

तिसरा मुद्दा फुलांचा, आणि तो आमच्या आईचा. पाण्याचा दुष्काळ असलेल्या घरी बाग कशी असते? ती न्हाणीच्या मागे असते. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी जिथे जाई, तिथे आईने कर्दळ, अळू आणि गुलबक्षी लावली होती. पुढच्या अंगणात तगर, तांबडी जास्वंद, कोरांटी आणि एक प्राजक्त. देवाला वाहायची फुले झाडावरून खुडावीत, जमिनीवर पडलेली घेऊ नयेत, हा नियम. प्राजक्ताला मात्र त्यातून सवलत होती. आमच्या घरी घड्याळ नव्हते. दुपार कलून गुलबक्षी उमलली की, चुलीवर चहाचे आधण ठेवायचे, हे आईचे वेळापत्रक. १९७२ मध्ये न्हाणीलाच पाणी उरले नाही आणि ती बाग जळाली. परंतु गुलबक्षीला जमिनीत जाडजूड कंद असतो. पुढच्या वर्षी मृगाचे चार शिंतोडे पडले आणि तिने मातीतून डोके वर काढले. आईने त्या दिवशी तिच्याभोवती दगड मांडून आळे केले.

मोठेपणी वाचनात आले की, ही गुलबक्षी मूळची अमेरिका खंडातली. ज्याच्यावाचून आमचा दसरा होत नाही तो झेंडू मेक्सिकोकडचा, आणि निशिगंधही तिकडचाच. देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिकेतून आलेला, सदाफुली मादागास्करची. समुद्र ओलांडून आलेली ही मंडळी इतकी मराठी झाली की, त्यांना कुणी गाव विचारीत नाही. घरापासून दूर आलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट धीर देणारी आहे.

छोटा नागपूरच्या या पठारावर प्राजक्ताला हरसिंगार म्हणतात, शेवंतीला गुलदाउदी, तगरीला चाँदनी. झाड तेच, हाक वेगळी. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इथल्या गावांतून सोहराई साजरी होते. गुरांना न्हाऊ घालून, शिंगांना तेल लावून पूजतात, भिंती चित्रांनी रंगवतात. ती पाहताना आम्हांला आमचा बेंदूर आठवतो. आणि या मातीतला शेतकरी आम्हांला परका वाटत नाही. आमच्या बदल्या सहा झाल्या. प्रत्येक क्वार्टर सोडताना आमच्या सौभाग्यवती गुलबक्षीचे मिऱ्यासारखे काळे बी एका जुन्या लखोट्यात भरून घेतात. सामानाच्या यादीत त्याची नोंद नसते, पण पहिल्यांदा उघडते ती तीच वस्तू.

आता शेवटी एक विनंती, आणि ती ठराव म्हणून समजावी. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन करणाऱ्यांपैकी काही ज्येष्ठ आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना आपापल्या रानांची, विहिरींची, अंगणातल्या झाडांची आणि नावडत्या कपड्यांचीही नावे ठाऊक आहेत. ती कुठल्याही दप्तरात नाहीत. मंडळाने एक जाड वही करावी. प्रत्येक घरातील मुलाने आपल्या आजी-आजोबांना विचारून तीत दोन पाने लिहावीत, आपल्या हस्ताक्षरात. शुद्धलेखनाच्या चुका काढू नयेत. गणेशोत्सव दरवर्षी येईल, त्याची काळजी नाही. ही माणसे दरवर्षी येतीलच, असे मात्र धरून चालता येत नाही. आमच्या घरी म्हातारीच्या माळाचे विचारायचे राहिले ते राहिलेच. तुमच्या घरी ते राहू नये.

पहिल्या दोन पानांची जबाबदारी आम्ही घेत आहो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!