वाघाडीच्या गळाला कोण लागतंय? नदीतल्या परक्या माशांची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की बाबा, तू सॉफ्टवेअरवाला माणूस, माशांवर बोलणार म्हणजे नक्की काय बोलणार? तर आधी ओळख सांगतो. मी मूळचा घाटंजीचा, यवतमाळ जिल्ह्यातला. बीटेक करून सध्या कोड लिहून पोट भरतो. पण सुट्टीत गावी गेलो की पहिला फोन मित्राला आणि दुसरी चक्कर वाघाडी नदीवर. हातात काठी, दोरा, गरी आणि डब्यात गांडुळं. आमच्याकडे मासेमारीचा हा छंद कुणी ‘अँगलिंग’ म्हणत नाही. ‘गळ टाकायला चाललो’ म्हटलं की झालं.

आजचा विषय या गळाशीच जोडलेला आहे. गळाला आता जे लागतं ते पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आमच्या नदीवर वर्षानुवर्षं बसणारे एक भोई काका आहेत. त्यांच्या भाषेत सांगायचं तर, "मासा तं भेटते बावा, पण तो आपला नोहोय." हा ‘आपला नोहोय’ मासा येतो कुठून, आणि तो आला तर बिघडतं काय, हे आज बघू.

आधी जगातलं एक उदाहरण

परक्या जलचरांचा विषय निघाला की युरोपात पहिलं नाव येतं क्रेफिशचं. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला छोटा लॉबस्टर समजा. पुढे दोन नांग्या, मागे शेपटी. १९७० च्या दशकात स्पेनमध्ये अमेरिकेतल्या लुइझियानाहून लाल क्रेफिश आणला गेला, शेतीसाठी. ब्रिटनमध्ये त्याच दशकात उत्तर अमेरिकेतला सिग्नल क्रेफिश आला, तोही पाळून विकण्यासाठी. दोन्हीकडे तो तळ्यातून निसटून नद्यांत गेला. सोबत एक रोग घेऊन आला, ज्याची अमेरिकी क्रेफिशला सवय होती आणि युरोपातल्या देशी क्रेफिशला नव्हती. देशी जात पटापट मेली. गळ टाकणाऱ्यांना त्रास वेगळाच. हा प्राणी नदीच्या काठात बिळं करतो, काठ ढासळतो, माशांची अंडी खातो आणि गळाला लावलेलं आमिष मासा यायच्या आधीच फस्त करतो.

भारतात क्रेफिशची एकही देशी जात नाही. पण शोभेच्या माशांच्या बाजारात तो विकला जातो. मार्बल्ड क्रेफिश नावाचा एक प्रकार तर असा आहे की सगळ्या माद्याच, नराची गरजच नाही. एक मादी पाण्यात सुटली तरी पुरे. १९९० च्या दशकात तो जर्मनीतल्या अ‍ॅक्वेरियमवाल्यांच्या लक्षात आला, आणि नंतर मादागास्करमध्ये भातखाचरांपर्यंत पोचला. आपल्या नद्यांमध्ये हे संकट अजून मोठ्या प्रमाणावर आलेलं नाही. आपल्याकडे हीच गोष्ट माशांनी केली आहे, आणि तीही बऱ्याच आधीपासून.

आपल्याकडचे पाहुणे

पहिला पाहुणा चिलापी. पुस्तकी नाव तिलापिया. मूळचा आफ्रिकेचा. भारतात १९५२ साली आणला गेला. हेतू चांगला होता, गरिबाला स्वस्त प्रथिनं मिळावीत. पण या माशाची खुबी बघा. मोझांबिक तिलापियाची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंही धोका दिसला की परत तोंडात शिरतात. त्यामुळे वाचणाऱ्या पिल्लांचं प्रमाण खूप. शिवाय लहान वयातच वीण सुरू. तळ्यात एवढी गर्दी होते की कुणीच मोठं होत नाही, सगळे बोटभर. उजनी धरणावर गेलात तर भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग दिसतील. तिथले जुने मच्छीमार देशी मासे कसे कमी होत गेले ते सांगतात. अर्थात तिथे प्रदूषणही आहे, त्यामुळे सगळं पाप एकट्या चिलापीच्या माथी मारणं बरोबर नाही. पण घाण पाण्यात जो तग धरतो तोच वाढतो, आणि चिलापी तग धरते.

दुसरा पाहुणा आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात ‘थाई मांगूर’ म्हणतात. नावात थाई असलं तरी मूळ आफ्रिकेचंच. हा मात्र खरा दांडगा. मीटरभराहून लांब होऊ शकतो, मासे, बेडूक, किडे, सडकं मांस, काहीही खातो. हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे पाणी आटलं तरी चिखलात जगतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पुन्हा आदेश दिले. त्यानंतर महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय विभागाने तळी शोधून साठे नष्ट केले. तरी चोरून पालन चालतंच, कारण कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर तो झपाट्याने वाढतो आणि पैसा लवकर हातात येतो.

यात मार खातो तो आपला देशी मांगूर. आययूसीएनच्या यादीत तो आज संकटग्रस्त आहे. बिहारने त्याला राज्य मासा केलंय. दिसायला दोघं सारखे, म्हणून लोक फसतात. मोटामोटी खूण सांगतो. देशी मांगूर फार तर दीड फुटापर्यंत जातो. त्याहून बराच मोठा असेल आणि अंगावर संगमरवरासारखे डाग असतील तर शंका घ्या.

तिसरा पाहुणा सकर मासा. दक्षिण अमेरिकेतला. काच साफ ठेवतो म्हणून अ‍ॅक्वेरियममध्ये ठेवतात. घरी आणला तेव्हा बोटाएवढा, दोन वर्षांत हातभर. मग ‘बिचारा मरायला नको’ म्हणून लोक नेऊन नदीत सोडतात. अंगावर चिलखतासारखी खवलं, त्यामुळे बगळा खात नाही, माणूसही फारसा खात नाही, जाळं मात्र फाटतं. काठात बिळं करतो. मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो नावाच्या जलाशयात एकेकाळी तिलापियाची मोठी मासेमारी चालायची, तिथे या सकर माशांनी जाळी भरू लागली आणि मच्छीमारांचा धंदा बसला. म्हणजे पाहुण्याच्या घरात दुसरा पाहुणा घुसला. आपल्याकडे उजनीच्या जाळ्यांतही सकर मासा येऊ लागल्याच्या बातम्या आल्यात.

आणि चौथा अगदी चिमुकला, गंबुसिया. डासांच्या अळ्या खातो म्हणून १९२८ साली इटलीहून भारतात आणला. त्याचा चुलतभाऊ गप्पी तर आपण गटारात, टाक्यांत, विहिरींत सोडतोच. बंद टाकीत ठीक आहे. पण ओढ्यात गेला की गंबुसिया डासांच्या अळ्यांवर थांबत नाही, बेडकाची अंडी आणि छोट्या माशांची पिल्लंही खातो.

हे वाघाडीत पोचतात कसे?

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. वाघाडी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या एका शेततळ्यातून निसटलेला मासा कागदावर तरी आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत जोडलेला आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं एकच नेटवर्क आहे आणि मध्ये फायरवॉल नाही. धरणं आहेत, पण सांडव्यावरून पाणी जातं तेव्हा मासेही जातात.

शेततळ्यांत मासे सोडायचं प्रमाण वाढलंय, आणि ते शेतकऱ्याच्या दृष्टीने योग्यच आहे. कापूस-सोयाबीनचा भरवसा नाही, चार पैसे माशातून आले तर हवेच आहेत. पण जुलै २०२३ आठवा. यवतमाळ जिल्ह्यात एका रात्रीत असा पाऊस झाला की महागाव तालुक्यात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. अशा पुरात शेततळं, नाला आणि नदी हा फरकच उरत नाही. तळ्यात जे होतं ते नदीत गेलं.

दुसरी वाट मत्स्यबीजाची. ट्रकमधून बोटुकली येते. पिशवीत कतला-रोहू सांगितलेले असतात, पण बोटाएवढ्या वयात सगळे सारखेच दिसतात. त्यात दुसरं काही मिसळलेलं असलं तर घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

इथे एक गंमत सांगतो. कतला, रोहू, मृगल यांना आपण ‘आपले’ म्हणतो, पण ते मुळात गंगेच्या खोऱ्यातले. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरींनी कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं, म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन. त्यानंतर हे मासे देशभर पोचले. म्हणजे ‘परका’ आणि ‘आपला’ ही रेघ वाटते तितकी सरळ नाही. म्हणून मी प्रश्न वेगळा विचारतो. हा मासा आल्यावर मरळ, वाम, देशी मांगूर, झिंगे टिकतात का? टिकत असतील तर राहू दे. नसतील तर तो प्रश्न आहे.

महाराष्ट्रातून गेलेला पाहुणा

आपण नेहमी ‘बाहेरून आलं’ म्हणून बोलतो. एक गोष्ट आपल्याकडून बाहेर गेलीय. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याकडच्या मुळा-मुठेतल्या महशीर माशाचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा इथलाच शब्द ठेवला. पुढे धरणांमुळे हा मासा कमी झाला तेव्हा टाटांनी लोणावळ्याला त्याची हॅचरी काढली. काम उत्तम झालं. मग सत्तरच्या दशकापासून ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली.

कावेरीत आधीच तिचा स्वतःचा महशीर होता, कुबडवाला, जगातल्या सर्वांत मोठ्या महशिरांपैकी. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेनने गळावर १२० पौंडांचा धरला होता. नंतर काय झालं हे कळलं कशामुळे माहितीये? गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांमुळे. कावेरीवरच्या अँगलिंग कॅम्पमध्ये कोण किती तास बसलं, कोणता मासा लागला, वजन किती, हे सगळं लिहून ठेवायचे. १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या तर आपला निळ्या परांचा महशीर वाढत गेलेला आणि कुबडवाला जवळजवळ नाहीसा झालेला. त्याला शास्त्रीय नाव पक्कं झालं २०१८ मध्ये, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त झाला होता. मासा पुरता ओळखायच्या आतच हातातून चालला.

मला या गोष्टीतली वही महत्त्वाची वाटते. त्या लोकांनी छंद म्हणून लिहिलं आणि तोच पुरावा ठरला. आमच्या वाघाडीवर गेल्या तीस वर्षांत काय लागत होतं याची नोंद कुठे आहे? भोई काकांच्या डोक्यात. काकांनंतर तीही नाही.

मग करायचं काय?

आमच्या धंद्यात चुकीचं काही लाइव्ह गेलं तर रोलबॅक करता येतो. नदीत रोलबॅक नाही. मोठ्या नदीत पसरलेला मासा पूर्ण काढून टाकणं जवळजवळ अशक्य. म्हणून सगळा जोर आत येऊ न देण्यावर हवा. चार साध्या गोष्टी सांगतो.

एक, अ‍ॅक्वेरियममधला मासा, कासव, क्रेफिश, काहीही नदी-तळ्यात सोडू नका. पुण्य म्हणूनही नाही. दुकानदाराला परत द्या, ओळखीच्या कुणाला द्या.

दोन, शेततळ्यात मासे असतील तर सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि पावसाळ्याआधी बांध थोडा उंच करा. मत्स्यबीज घेताना पावती मागा, थाई मांगूर कुणी देत असेल तर सरळ नाही म्हणा.

तीन, गळाला सकर किंवा थाई मांगूर लागला तर जिवंत परत टाकू नका. फोटो काढा, तारीख-जागा लिहा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

चार, वही ठेवा. आम्ही मित्रांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक साधी शीट केलीय. रकाने पाचच. तारीख, जागा, किती तास बसलो, काय लागलं, फोटो. रिकाम्या हाताने आलो तर तेही लिहायचं, कारण ‘काही लागलं नाही’ हीसुद्धा माहितीच. काकांना मोबाईलवर लिहायचं जमत नाही, ते आवाजात पाठवतात, मी भरतो.

हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या संस्था आता नदीचं पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून कोणता परका मासा आलाय ते ओळखतात. पण कुठलं पाणी तपासायचं, हे सांगायला काठावरचा माणूस लागतोच.

भंडारा-गोंदियात मामा तलावांवर गावातल्या बायकांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, म्हणजे देशी माशांना अंडी घालायला जागा मिळावी. हे काम कुणा मोठ्या प्रयोगशाळेने नाही, चिखलात उतरलेल्या माणसांनी केलं.

शेवटी एकच. चिलापी तळून छान लागते, मीही खातो, आणि बाजारात स्वस्त मिळणारा मासा गरिबाच्या ताटातून काढा असं माझं म्हणणं नाही. पण पहिल्या पावसात ज्याच्या घरी फुकटचे झिंगे आणि मरळ यायचे, त्याला आता तेही विकत घ्यावे लागले तर तो तोटा कुठल्याच हिशेबात दिसणार नाही. निदान आपल्या शीटमध्ये तरी दिसू दे.

तुमच्या नदीवर काय लागतंय, स्थानिक नावं काय आहेत, ते मला नक्की लिहून पाठवा. एकाच माशाला दहा गावांत दहा नावं असतात, त्या नावांवरच एक भाग करायचा विचार आहे. तोवर काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.