मंदीच्या दिवसांतला भगत



ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. अमेरिकेत लाखो लोकांचे रोजगार गेले, पण करमणुकीची ओढ गेली नाही. थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवले, वर चिनी मातीच्या बश्याही वाटल्या. ज्यांना तेही परवडेना, ते घरी रेडिओ ऐकत बसले.

त्याच मंदीनं आपल्या वऱ्हाडातल्या कापसाचा भाव पाडला, सिंधमधल्या गव्हा-कापसाचाही पाडला. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि शहरांत बोलपटांचं वेड पसरलं. पण खेड्यातल्या रिकाम्या खिशाला तिकीट कुठून परवडणार? सिंधी खेड्यांना त्या दिवसांत आधार होता भगताचा.

भगत म्हणजे गाणं, नाच आणि कथा एकत्र. लग्न असो वा जत्रा, अंगात पायघोळ जामा, डोक्यावर पागोटं आणि पायांत घुंगरू बांधून भगत उभा राही. शाह, सचल, सामी या सिंधी कवींची पदं गाई, मध्येच कथा रंगवी. रात्रभर माणसं जागची हलत नसत. तिकीट नसे; ज्याच्यानं जे होईल ते त्यानं द्यावं. हिंदूही येत, मुसलमानही येत.

या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव संत कंवरराम. जन्म १८८५चा, सक्कर जिल्ह्यातल्या जरवार गावचा. गाता गाता ते पदर पसरत आणि जे पडेल ते गरजूंना वाटून टाकत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी सिंधमधल्या रुक स्टेशनवर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. आठ वर्षांनी फाळणी झाली. घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं आपल्या नागपुरात जरीपटक्याला वसली. शेतं, वाडे मागे राहिले. कंवररामांची पदं मात्र कंठात आली.

हलाखीच्या दिवसांत माणसांना एकत्र बसवणारी कला ही चैन नव्हे, ती गरज आहे. आपल्या विदर्भातली दंडार, खडी गंमत या लोककलांनीही हेच काम केलं आहे. म्हणून जरीपटक्यातल्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे: घरातल्या आजी-आजोबांना जी पदं येतात, ती आजच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, अर्थ विचारून लिहून ठेवा. आणि मराठी शेजाऱ्यांनो, पुढच्या चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, कुठं भगत असेल तर तुम्हीही आवर्जून जा.