हवेचें ऋण आणि सरकारची तिजोरी

(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



लेवीय पुस्तकांत योबेल वर्षाचा जो नियम दिला आहे, त्याचें मर्म परत करण्यांत आहे. पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, दासानें आपल्या घरीं परत जावें. आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं अशाच एका परतफेडीविषयीं मी चार शब्द बोलणार आहें. विषय रुक्ष वाटेल. परंतु तो पैशाचा असल्यामुळें कोणास झोंप येणार नाहीं अशी आशा आहे.

दगडी कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्यानें कार्बन डायऑक्साइड वायु इतका सोडला आहे कीं, यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दशलक्ष भागांत सुमारें 280 भाग असलेलें त्याचें प्रमाण आज 420 च्या वर गेलें आहे. हा वायु शतकानुशतकें टिकतो. उद्यां सर्व भट्ट्या विझविल्या तरी मागचें ऋण उरतेंच. तो वायु काढून घेणें शक्य आहे. पण काढलेला वायु विकत कोण घेणार? गटार उपसणाऱ्यास घाणीचें गिऱ्हाइक मिळत नाहीं. त्याची मजुरी गांवानेंच द्यावी लागते. म्हणून हा प्रश्न सरकारी तिजोरीच्या दाराशीं येतो.

संत ब्रिजेट ज्या देशांत जन्मली, त्या स्वीडनचें उदाहरण घेऊं. स्टॉकहोम शहरास वीज व ऊब पुरविणारा एक कारखाना लांकडाच्या फांद्या, साल व भुसा जाळतो. झाड वाढतांना हवेंतूनच हा वायु शोषितें. तेव्हां धुराड्यांतला वायु अडवून पुरला, तर हवेंतील वायु तितका उणा होतो. धूर एका क्षाराच्या द्रावणांतून नेऊन वायु वेगळा करावयाचा, थंड करून त्याचा द्रव बनवावयाचा, आणि जहाजानें नेऊन समुद्रतळाखालीं खोल खडकांत कोंडावयाचा, अशी ही योजना आहे. नॉर्वेनें सरकारी साहाय्यानें उभारलेल्या अशाच एका साठ्यांत, समुद्रतळाखालीं सुमारें 2,600 मीटरांवर, 2025 सालीं पहिला वायु सोडण्यांत आला.

स्टॉकहोमच्या या कामास वर्षास सुमारें 8 लक्ष टनांकरितां, जानेवारी 2025 मध्यें, स्वीडनच्या ऊर्जाखात्यानें 2,000 कोटी क्रोनरांहून अधिक रक्कम मंजूर केली. निवड उलट लिलावानें झाली. म्हणजे जो कमींत कमी मागेल त्याचा हक्क पहिला. शिवाय पैसा मिळणार तो पुरलेल्या टनामागें. मला ही रीत फार पसंत आहे. सरकारी पैसा आश्वासनांवर किती सहज खर्च होतो, हें सांगण्याची गरज नाहीं.

तरीहि एक आक्षेप गंभीर आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं 2023 सालच्या 'लाउदाते देउम' या पत्रांत, पुढें एखादी नवी युक्ति निघून सर्व सांवरून घेईल या भरंवशावर राहण्याविरुद्ध कडक शब्दांत बजाविलें आहे. पापनिवेदनाची रीत आपणांस ठाऊक आहे: पुनः पाप न करण्याचा निश्चय नसेल, तर नुसत्या भरपाईनें भागत नाहीं. जक्कयानें लुबाडणें चालू ठेवून चौपट परत केलें असतें, तर त्यास कोणी पश्चात्तापी म्हटलें नसतें. या कसोटीस स्वीडन बऱ्याच अंशीं उतरतो. 2045 पर्यंत 1990 च्या मानानें किमान 85 टक्के घट देशांतल्या देशांतच करावयाची, आणि वायु पुरण्यासारखे पूरक उपाय उरलेल्यापुरतेच वापरावयाचे, असें त्याचें ध्येय आहे.

माझें मन साशंक आहे तें लांकडाविषयीं. उरलेला भुसा जाळला तर ठीक; परंतु यासाठीं उभें रान तोडूं लागले, तर नवें रान तेवढें वाढेपर्यंत कित्येक दशकें लोटतील, आणि दप्तरांत दिसणारी जमा हवेंत दिसणार नाहीं. तपासनिसानें बंदरावरच्या मापाबरोबर जंगलाच्या नोंदीहि पाहिल्या पाहिजेत.

काम 2028 मध्यें सुरू व्हावें अशी योजना आहे, व साहाय्य पंधरा वर्षांचें आहे. आज ज्या बालकांचा बाप्तिस्मा होत आहे, त्यांच्या दृढीकरणानंतरहि तेथील करदाते हे हप्ते फेडीत असतील.