अस्वस्थ काळातील नित्यनेम

(सुवर्णमहोत्सवानिमित्त बडा बाजार, झाशी येथे केलेले भाषण)



कठीण काळात मन शांत कसे ठेवावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आम्ही वैद्य नव्हे, योगीही नव्हे; केंद्र सरकारच्या नोकरीत ठिकठिकाणी बिऱ्हाड हलविणारे सामान्य गृहस्थ आहोत. मात्र घरापासून दूर राहणाऱ्यांची अस्वस्थता आम्हांस पुरती ठाऊक आहे. आईवडील रत्नागिरीस, मुलगी बंगळूरला आणि आपण झाशीस! रात्री अवेळी फोन वाजला की तो उचलण्यापूर्वीच छातीत धडधड सुरू होते. २०२१ च्या उन्हाळ्यातील महामारीत तर आपल्यांपैकी कित्येकांना आप्तांचे अंत्यदर्शनही घडले नाही. अशा वेळी ‘शांत राहा’ असा नुसता उपदेश जखमेवर मीठ चोळणारा ठरतो. म्हणून उपदेश न करता याच नगरीतील एक उदाहरण सांगतो.

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे कर्जफेडीसाठी द्रव्य मिळवावे या हेतूने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि १८५८ च्या वेढ्यात नेमके झाशीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात महाराणी लक्ष्मीबाईंच्या दिनचर्येचे वर्णन आहे : पहाटे व्यायाम, नंतर सावकाश स्नान, मग पूजाअर्चा आणि त्यानंतर राज्यकारभार. पुढे शहरावर तोफगोळे पडू लागले; शहर पडल्यावर कत्तल झाली, लूट झाली. भटजींचे मिळविलेले द्रव्यही गेले. तरीही हा मनुष्य खचला नाही. तीर्थयात्रा करून, गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो गावी परतला आणि आईवडिलांना त्याने गंगास्नान घातले.

यातून आम्ही एकच बोध घेतो. धीर हा संकटाच्या दिवशी बाजारातून विकत आणता येत नाही. साध्या दिवसांत पाळलेला नेमच अवघड दिवशी आपल्याला सावरतो. विहीर आग लागल्यावर खणावयाची नसते!

हा नेम कोणता असावा? पहिला, श्वासाचा. आपल्या संध्येत प्राणायाम आहेच. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. श्वास हलकेच घ्यावा आणि त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती स्वभावतःच थोडी मंदावते. पाच मिनिटे पुरेत. श्वास बळेच कोंडू नये.

दुसरा, जपाचा. इटलीतील संशोधकांनी २००१ साली असे दाखविले की, ख्रिस्ती जपमाळेतील प्रार्थना किंवा बौद्ध मंत्र संथपणे म्हणताना श्वास मिनिटास सुमारे सहा इतका मंदावतो. तेव्हा आजीचे नामस्मरण भाबडे म्हणून हसण्यावारी नेऊ नये. ज्यांची देवावर श्रद्धा नाही त्यांनी एखादी आवडती कविता संथ लयीत म्हणावी.

तिसरा, चालण्याचा. झाशीचा उन्हाळा आम्ही नव्याने काय सांगावा! परंतु पहाटे, दुकाने उघडण्यापूर्वी, हाच गजबजलेला बडा बाजार किती निवांत असतो! मुरलीमनोहराच्या मंदिरापर्यंत पायी जाऊन यावे. मोबाईल मात्र घरीच ठेवावा. भयंकर बातम्या दिवसभर पाहत राहिल्याने दूरच्या आप्तांचे दुःख कणभरही हलके होत नाही. बातम्यांसाठी दिवसातील एक वेळ ठरवावी, आणि ती झोपण्यापूर्वीची नसावी.

चौथा नेम माणसांचा. परमुलखात सख्खे नातलग हाकेच्या अंतरावर नसतात. ती उणीव मंडळाने भरून काढावयाची असते. गणेशोत्सवातील आरती एका सुरात म्हणताना मनावरचे ओझे उतरल्याचा अनुभव आपणा सर्वांस आहे. परंतु उत्सव दहा दिवसांचा आणि चिंता बारा महिन्यांची. म्हणून आमची एक विनंती आहे : प्रत्येक कुटुंबाने एका एकाकी वृद्धाची किंवा नव्याने बदलून आलेल्या घराची आठवड्यातून एकदा चौकशी करावी. दुसऱ्याला धीर देताना आपलाही धीर वाढतो.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. दोन-दोन आठवडे झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर हे नेम पुरेसे नाहीत. विनासंकोच डॉक्टरांकडे जावे. तापावर औषध घेण्यात कमीपणा नाही, तसा यातही नाही.

संकटे कोणाला विचारून येत नाहीत. ती येतील तेव्हा घरातील लहानथोर आपल्या तोंडाकडे पाहतील. त्या वेळी आपला आवाज स्थिर असावा, एवढ्यासाठी रोजची अर्धी घटका राखून ठेवू या.